सवाईला जायचंय, त्याआधी कान कसा तयार करू?

चाकणची बस

नमस्कार मंडळी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी सवाईचं, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचं, सीझन तिकीट काढतात. गुडघ्यांमुळे त्यांना आता इतके तास बसवत नाही, म्हणून यंदाच्या डिसेंबरचं तिकीट काढून त्या मला देणार आहेत. "पाचही दिवस नाही जमले तरी चालेल, पण जा," असं बजावून सांगितलंय. आत्ता जून चालू आहे. एवढ्या वेळात काय आणि कसं ऐकावं, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचंय.

माझं थोडं सांगतो. मूळ गाव बार्शीजवळ. घरात भजन होतं, चुलते पेटी वाजवायचे, काकड्याला मी टाळ घेऊन उभा असायचो. आता धनकवडीला राहतो, नोकरी चाकणला. कंपनीच्या बसमध्ये रोज जाऊन-येऊन तीन तास जातात आणि तेवढा वेळ कानात काही ना काही चालू असतं. भीमसेनजींचे अभंग पाठ आहेत, म्हणून यूट्यूबवर त्यांचाच ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, लावला. द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग सुरू झाला, भराभर ताना सुटल्या की अंगावर काटा येतो. ते लगेच भिडतं. पण त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं? तबला इतका सावकाश की ठेका सापडत नाही. एकच ओळ, तीही अर्धी, परत परत. मध्येच ऐकणाऱ्यांतून 'वाऽऽ' येतं आणि मला कळत नाही की आत्ता नेमकं काय झालं. तो भाग पुढे ढकलून नुसत्या ताना ऐकायच्या नाहीत मला. त्या वीस मिनिटांत काय चाललंय ते कळून घ्यायचंय.

मुलगी चौथीत आहे, तिच्यासाठी नुकतीच पेटी घेतलीय. आधी पुस्तकं वाचावीत की सरळ ऐकायला लागावं? राग कोणते आणि किती?

टिळक रोड

नाट्यसंगीतापासून सुरुवात करा. मराठी माणसाला याहून जवळची वाट नाही. 'स्वयंवर' नाटक १९१६ सालचं. त्यातल्या पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा स्वतः ख्यालगायक, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले. पुण्यातला भारत गायन समाज १९११ साली सुरू केला तोही त्यांनीच. 'नाथ हा माझा' ऐका, तो यमन आहे. पद पाच-सात मिनिटांचं, शब्द मराठी, चटकन ओळखीचं होतं. मग यमनाचा ख्याल लावलात की परकं वाटणार नाही. असा आठवड्याला एक राग घेतलात तर डिसेंबरपर्यंत पंचवीसेक राग सहज होतील.

खर्जाची तार

चाकणची बस, तुम्ही अडलेली जागा नेमकी सांगितलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. ठेका तुमच्याकडे आहे, भजनाने तयार झालेला कान आहे. अडतंय ते फक्त विलंबित, म्हणजे ख्यालाचा सुरुवातीचा संथ भाग.

मी स्वतः मैफली फारशा गायले नाही. बरीच वर्षं गाणाऱ्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसले, आता सहकारनगरला घरी मुलांना शिकवते. तंबोऱ्याच्या साथीला बसलं की दोन-अडीच तास बोटं आपली आपण चालतात आणि कान पूर्ण मोकळे असतात. शिवाय समोर श्रोत्यांचे चेहरे दिसतात. नवा श्रोता कुठे हरवला आणि कुठे परत आला, हे तिथून स्पष्ट कळतं. जो हरवतो त्याचा बहुतेक वेळा सा सुटलेला असतो. म्हणून ऐकायला शिकवताना मी रागाच्या आधी सा देते.

तुमची पेटी काढा आणि मुलीला शेजारी घ्या. भाता तिला मारू दे, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. काळी तीन, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली पहिली, डाव्या हाताने दाबून धरा. हा तुमचा सा. उजव्या हाताने तिथून वरच्या सा पर्यंत फक्त काळ्या पट्ट्यांवरून सावकाश जा आणि तसेच खाली या. पांढरीला बोट लावायचं नाही. जे वाजलं ते सा रे ग प ध, भूपाचे पाच स्वर. दहा मिनिटं हेच करा, घाई नको.

आता डाव्या हातातला सा तेवढा बदला. काळी एक दाबून धरा, म्हणजे दोन काळ्यांच्या गटातली पहिली. उजव्या हाताला पट्ट्या त्याच, फक्त काळ्या. स्वर झाले सा रे म प ध. हा दुर्गा. मग काळी पाच दाबून धरा, तीनच्या गटातली शेवटची, आणि पुन्हा त्याच पट्ट्या वाजवा. आता रिषभ नाही, पंचम नाही आणि ग, ध, नि तिन्ही कोमल, म्हणजे जरा उतरलेले. हा मालकंस.

एकही नवी पट्टी न घेता तीन वेगळी वातावरणं तयार झाली, कारण सा हलला. रागाचा प्रत्येक स्वर सा पासूनच्या अंतराने ओळखला जातो. सा कानातून निसटला की गायक काय करतोय ते कळायचा मार्गच उरत नाही. द्रुतात ते खपून जातं, कारण तिथे लय तुम्हाला धरून ठेवते. विलंबितात खपत नाही.

हा सा अखंड कोण देतं, तर तंबोरा. चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे सा च्या, आणि शेवटची खर्जाची, जाड, खालच्या सा ची. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे पहिली तार मध्यमात लावतात. मैफलीआधी आतल्या खोलीत तंबोरे लावताना एकदा तरी बघायला मिळालं तर बघा. खुंट्या पिळून तार साधारण सुरात आणायची, मग मणी केसभर वर-खाली करून नेमकी लावायची. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो जरासा सरकवला की मघापर्यंत नुसती टणटण करणारी तार एकदम भरून, गुंजून बोलायला लागते. तीच जवारी. चारही तारा नीट लागल्या की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. तो कोणी छेडलेला नसतो, तारेच्या कंपनातूनच निघतो. पहिल्यांदा तो ऐकू आला तेव्हा मी छेडायचं थांबवून आजूबाजूला पाहिलं होतं. मोबाईलवर तंबोऱ्याची ॲप फुकट मिळतात. काळी एक लावून रोज रात्री पाच मिनिटं त्यात नुसता सा लावा, जसा काकड्याला लावत होतात तसा.

आता तुमची वीस मिनिटं. एकच ओळ परत परत येते असं वाटतं, कारण तुमचं लक्ष शब्दांवर आहे आणि ते साहजिक आहे, भजनात शब्दच पुढे नेतात. ख्यालात शब्द जवळजवळ जागेवर राहतात आणि पुढे सरकतात ते स्वर. वारीत पालखी जशी मुक्काम करत पंढरपूर गाठते, तसा गायक एकेका स्वरावर मुक्काम करत वरच्या सा कडे निघालेला असतो. आधी सा आणि त्याच्या खालचा मंद्राचा भाग. मग रिषभ चाखायचा. मग गंधारावर बरीच वस्ती, कारण भूपात तो वादी, म्हणजे मुख्य स्वर. मग पंचम, धैवत. प्रत्येक नवा स्वर आधीच्या सगळ्या स्वरांशी जोडून, वेगवेगळ्या बाजूंनी दाखवायचा. याला बढत म्हणतात. वरचा सा मात्र राखून ठेवलेला असतो. धैवतापर्यंत जायचं, आता लागणार असं वाटायला लावायचं आणि परत खाली यायचं. शेवटी तो तार षड्ज भरून लागतो तेव्हा सभागृहातून 'वा' उठतो. ही तुमच्या 'वाऽऽ'ची एक जागा. दुसरी जागा समेची, म्हणजे ताल जिथून नव्याने सुरू होतो तिची. त्यावर इथले तबल्याचे लोक सांगतील.

टिळक रोड यांचं नाट्यपदांचं म्हणणं मला मान्य आहे, पंचवीस रागांचं अजिबात नाही. पंचवीस रागांची नावं पाठ होतील, ओळख एकाचीही होणार नाही. पावसाळा संपेपर्यंत तुम्ही भूप एके भूप ऐका. किशोरीताई आमोणकरांचा भूप घ्या, 'प्रथम सूर साधे' आणि मागून 'सहेला रे'. दोन्ही मिळून अर्ध्या तासाच्या आत होतं. रात्री, घर शांत झाल्यावर, तंबोरा सुरू झाल्यापासून ऐका आणि एकच काम करा: तार षड्ज पहिल्यांदा कधी लागतो ते टिपा. दुसऱ्या दिवशी तोच भूप पुन्हा. बाकी कशाकडे लक्ष द्यायची गरज नाही. पुस्तक मग. रागाची थोडी सवय झाल्यावर वाचलेलं डोक्यात राहतं, आधी वाचलं तर ऐकताना माणूस पुस्तक शोधत बसतो.

एक मात्र ऐका माझं. बसमध्ये विलंबित लावू नका. इंजिनाची घरघर एका पट्टीत चालू असते, ती मंद्राचा सगळा भाग खाऊन टाकते आणि सा ला सतत छेद देते. जाता-येता द्रुत, तराणे, अभंग ऐका. त्या प्रवासाला ते चांगलं आहे.

तिरकिट

ताईंनी चेंडू इकडे टाकलाच आहे तर सांगतो. शिकतोय तबला, नारायण पेठेत.

विलंबित ख्याल बऱ्याचदा एकतालात असतो. बारा मात्रा: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. अतिविलंबितात एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण ते एक मिनिट चालतं, म्हणजे एक मात्रा चार-पाच सेकंदांची. तुम्हाला ठेका सापडत नाही याचं कारण एवढंच. बोटावर बारा मोजत बसू नका, सुरुवातीला ते थकवतं. 'तिरकिट' पकडा. ते बाकीच्या बोलांतून वेगळं उठून येतं आणि आवर्तनात दोनदाच येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' असतं, तिथे डग्गा, म्हणजे जोडीतला डावा, घुमणारा तबला, गप्प असतो. दुसऱ्या तिरकिटनंतर 'धी ना', तिथे डग्गा घुमतो. तिरकिट झालं आणि मागून डग्गा बोलला की दोन मात्रांत सम. गायकही साधारण तिथेच मुखडा उचलतो. जी ओळ तुम्हाला परत परत येतेय असं वाटतं ती हीच. मुखडा समेवर आणून सोडणं हे दर आवर्तनाचं काम आहे.

खरी मजा त्याच्या आधी आहे. गायक कुठेतरी लांब आलापात गुंतलेला असतो, मात्रा संपत आलेल्या असतात आणि तो नेमका वेळेत मुखड्यावर येऊन समेला पोचतो. श्रोत्यांच्या माना एकदम हलतात. तुमची ती दुसरी 'वाऽऽ'.

किशोरीताईंचा भूप तीनतालात आहे, सोळा मात्रा. तिथे वेगळी खूण. नवव्या मात्रेपासून, तिला 'खाली' म्हणतात, डग्ग्याचा घुमारा ओसरतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. तो परत आला की धिं धिं धा आणि मग सम. टाळ धरलेला हात आहे तुमचा, आठ दिवसांत जमेल.

जुनी तबकडी

विलंबिताचा धीर यायला वेळ लागत असेल तर एक मधला मार्ग आहे. ७८ गतीच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं ऐका. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, त्यामुळे तेवढ्यातच सगळा राग मांडावा लागे. अब्दुल करीम खाँसाहेब ऐका. किराणा घराण्याचे ते, पुण्यात १९१३ साली त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. मग हिराबाई बडोदेकर, त्यांच्याच कन्या, राहायला इथे पुण्यातच. बायकांनी तिकीट लावून जाहीर मैफल करायची वाट हिराबाईंनी घालून दिली. खरखर असते, पण दोन दिवसांत कान ती बाजूला काढायला शिकतो. ज्यांच्या नावाने महोत्सव आहे ते सवाई गंधर्व खाँसाहेबांचे शिष्य, आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. तीन पिढ्या ओळीने ऐकल्यात तर सुराचा तोच लगाव पुढे कसा आला ते आपोआप कळेल.

चाकणची बस

सगळ्यांचे मनापासून आभार. बऱ्याच दिवसांनी परत येतोय, कारण सांगितलेलं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

पेटीचा प्रयोग केला. मालकंस वाजल्यावर पट्ट्या त्याच आहेत यावर मुलीचा विश्वासच बसेना. तिने प्रत्येक पट्टीवर स्वतः बोट ठेवून खात्री केली. आता रोज संध्याकाळी सा बदलून काय होतं ते बघत असते, काळी दोन आणि काळी चार धरूनही काहीतरी वेगळं लागतंय म्हणते. ते काय आहे ताई?

भूप रोज रात्री ऐकतोय. सुरुवातीला तार षड्जाची नुसती वाट बघत होतो. आता त्याच्या आधीचं जास्त आवडायला लागलंय. गंधारावर आल्यावर घरी आल्यासारखं वाटतं, वादी म्हणतात ते हेच असावं. सम अजून दर वेळी सापडत नाही, पण डग्गा परत येतो ते कळतं. काकूंना सांगितलं, तर त्यांनी खाली येऊन माझ्याबरोबर बसून एकदा पूर्ण ऐकला.

आता दोन प्रश्न. एक, पुढचा राग कोणता, आणि घराणी कळायला पाहिजेत का? दोन, डिसेंबरच्या आधी समोर बसून ऐकायला कुठे मिळेल? एकदम सवाईच्या मंडपात पहिला अनुभव घ्यावा असं वाटत नाही.

खर्जाची तार

काळी दोन धरलीत तर सा ग म प नि, त्यात ग आणि नि कोमल, ते धानीचे स्वर. काळी चार धरलीत तर सा रे म प आणि कोमल नि, ते मेघाकडे जातात, आणि सध्या पाऊस आहे तेव्हा मेघ ऐकायला हरकत नाही. मुलीला शाबासकी सांगा. पाच पट्ट्यांतले पाचही सा तिने शोधून काढले.

एवढं लक्षात असू द्या की हे झाले नुसते स्वर. स्वर सारखे म्हणजे राग सारखा, असं नाही. देशकाराचे स्वरही भूपाचेच, सा रे ग प ध. पण तो सकाळचा, आणि त्याची वस्ती वर, धैवतावर. गंधारावर तो रेंगाळत नाही. तुम्हाला गंधारावर घर सापडलंय, तेव्हा एखाद्या रविवारी सकाळी देशकार लावा. दोनच मिनिटांत कळेल की हे घर आपलं नव्हे.

पुढचा राग यमन. भूपाच्या पाचात निषाद आणि तीव्र मध्यम मिळवा. सगळे स्वर मिळाल्यामुळे यमन मोठा आहे, आयुष्यभर पुरतो, आणि टिळक रोड यांनी सांगितलेलं पद इथे उपयोगी पडेल. पण आधी तंबोऱ्यावर निषादाकडून गंधाराकडे जाणारा 'नि रे ग' हा तुकडा गुणगुणा. यमनात बहुतेक वेळा सा आणि प वगळून वर जातात, म्हणून तो तुकडा आला की यमन आला असं समजायचं. यमन भीमसेनजींचा ऐका. त्यानंतर मालकंसही त्यांचाच. तिथे बढत अगदी स्वरास्वराने कळते, कारण किराण्याची ती पद्धतच आहे. प्रभाताई अत्र्यांचा मारू बिहाग आणि कलावतीही ऐकून ठेवा. त्याही किराण्याच्या, पुण्याच्या, जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. त्यांचं मांडणं इतकं स्वच्छ आहे की नव्या कानालाही प्रत्येक स्वर वेगळा दिसतो.

घराणी आत्ता नकोत. जयपूरचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि किराण्याचे भीमसेन हे एका आठवड्यात ऐकलेत तर नाव माहीत नसतानाही फरक कळेल. मन्सूरांकडे स्वर आणि लय एकमेकांत गुंतून, वळणं घेत पुढे जातात, एका स्वरावर थांबणं कमी. तो फरक आधी कानाला जाणवू द्या, नाव नंतर द्यायला किती वेळ लागतो? कुमार गंधर्व मात्र थोडे थांबून ऐका. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर ते ज्या जिद्दीने परत गायला उभे राहिले आणि स्वतःची वेगळी रीत घडवली, ती समजायला आधी रुळलेली वाट माहीत असावी लागते. तुमच्या निर्गुणी भजनांच्या ओढीने आधीच तिकडे गेलात तर गोष्ट वेगळी, मग मी अडवणार नाही.

समोर बसून ऐकण्याबद्दल. आषाढातली गुरुपौर्णिमा झाली की पुढचे दीड-दोन महिने पुण्यातल्या बहुतेक गाण्याच्या क्लासांचे गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम शनिवार-रविवारी चालू असतात. शाळांची सभागृहं, मंगल कार्यालयं, कुणाचा मोठा हॉल. प्रवेश बहुधा मोफत, बाहेरच्या श्रोत्याला कोणी हाकलत नाही. तिथे सकाळी दहा वर्षांची मुलं भूपाची सरगम म्हणतात, दुपारी कॉलेजातली मुलं छोटा ख्याल गातात आणि संध्याकाळी गुरू स्वतः गातात. एका दिवसात एक राग कसा वाढत जातो ते डोळ्यांसमोर दिसतं. नव्या श्रोत्याला याहून उत्तम शाळा मी तरी पाहिलेली नाही, आणि लोक तिकडे फक्त आपल्या मुलांचं गाणं होईपर्यंत थांबतात याचं मला फार वाईट वाटतं. भारत गायन समाज आणि विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय, इथल्याही कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. पन्नास-साठ माणसांच्या बैठकीत पहिल्या तीन रांगांत बसा. माईकशिवाय तंबोरा कानावर पडायला हवा.

मुकुंदनगर

मी सवाईच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो, तेव्हा तिथलं मी सांगतो.

महोत्सव १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. पूर्वी रमणबागेत, न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणात रात्र-रात्र चालायचा. आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो आणि रात्री दहाच्या नियमामुळे दुपारपासूनच सुरू होतो. याचा तुमच्या तयारीशी थेट संबंध आहे. दुपारी उशिराचे आणि संध्याकाळचे राग तिथे हमखास ऐकायला मिळतात: भीमपलास, मुलतानी, मधुवंती, मारवा, पूरिया धनाश्री, मग यमन, बिहाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यातले दोन-तीन ऐकून ठेवा. सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला भीमपलास लावून बघा, त्या वेळेला तो वेगळाच लागतो.

स्वारगेटपर्यंत मेट्रो येते, तिथून रिक्षा करा. भारतीय बैठकीचं तिकीट आहे की खुर्चीचं ते काकूंना विचारून घ्या. बैठकीचं असेल तर पाठीला टेकायला काही नसतं, त्याची तयारी ठेवा. शाल किंवा स्वेटर घ्याच, सूर्य गेला की मैदानावर गारठा उतरतो. खाण्याचे स्टॉल आहेत, छायाचित्रांचं प्रदर्शन असतं. पण उठायचं ते दोन कलाकारांच्या मधे. विलंबित चालू असताना रांगेतून वाट काढत जाऊ नये, गाणाऱ्याला ते दिसतं.

रोज सगळे कलाकार ऐकायचा अट्टहास करू नका. चौथ्या कलाकारापर्यंत नव्या कानाला थकवा येतो. दोन ख्यालगायक आणि एक वादक एवढं मन लावून ऐकलंत तरी दिवस भरतो. शेवटच्या दिवशी मात्र शेवटपर्यंत थांबा. समारोपाला सवाई गंधर्वांच्या भैरवीचं जुनं ध्वनिमुद्रण लावतात.

चाकणची बस

टिपून घेतलं सगळं. तिकीट बैठकीचं आहे. येत्या रविवारी कोथरूडला एका क्लासचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम आहे, तिकडे जातोय. मुलगी पण येते म्हणतेय. शेवटचं विचारतो, डिसेंबरला तिलाही एखाद्या दिवशी नेऊ का? चौथीतलं मूल बसेल का तेवढा वेळ?

खर्जाची तार

कोथरूडला तर नक्की न्या, तिच्या वयाची मुलं गाताना बघेल. सवाईला शनिवार किंवा रविवार बघून तिचं एका दिवसाचं तिकीट काढा आणि कार्यक्रम जाहीर झाला की त्या दिवशी वाद्यवादन कोणाचं आहे ते पाहून दिवस ठरवा. मुलांचं लक्ष बासरी, सतार, संतुराकडे पटकन जातं. कडेची जागा धरा, म्हणजे मधल्या वेळेत तिला घेऊन बाहेर पडता येईल. दोन कलाकार ऐकून ती कंटाळली तर सरळ घरी या, ओढून बसवू नका.

आणि पेटीवर ती स्वतः गायला लागली असेल तर तुमच्या काळी एकमध्ये तिला गायला लावू नका. तिचा आवाज वर असणार. काळी चार, काळी पाच लावून बघा, खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गंधारापर्यंत ती न ताणता जाते का ते ऐका. जी पट्टी सोपी जाईल ती तिची, आणि क्लासच्या बाईंनाही तेवढं सांगा.